रे फिशरची मिशिगनमधली ३८ वर्षं
बेसबॉलमधला मोठा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) कॉलेजात शिकवायला गेला की कारकीर्द संपली, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. अमेरिकन पिचर रे फिशर बघा. १९१९च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) तिसऱ्या सामन्यात सिनसिनाटी संघाकडून सुरुवातीचा पिचर तोच होता. १९२१मध्ये त्याने मिशिगन विद्यापीठात बेसबॉल प्रशिक्षकाची नोकरी धरली, तर व्यावसायिक बेसबॉलचा प्रमुख, कमिशनर लँडिसने त्याला काळ्या यादीत टाकलं. सरळ अन्याय! मिशिगनमध्ये त्याने १९५८पर्यंत संघ घडवले, १९५३चं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. शिवाय फुटबॉललाही साहाय्यक प्रशिक्षक.

पिचर म्हणून त्याचं हत्यार स्पिटबॉल, म्हणजे थुंकीने ओला केलेल्या चेंडूची फेक: ओला चेंडू बोटांतून फारशी फिरकी न घेता निसटतो, म्हणून बॅटरजवळ अचानक खाली बसतो. या फेकीवर बंदी आली तेव्हा ती पुढेही टाकायची सूट मिळालेल्या १७ पिचरांत तोही होता. लँडिसच्या काळ्या यादीचा डाग मात्र १९८०मध्ये पुसला गेला.