पायांवर बारीक लाल ठिपके, खाज नाही. कशामुळे?

प्रश्न
दोन्ही पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आलेत. खाज नाही, ताप नाही, हाताला लागत नाहीत. घामोळं की पित्त?

प्रतिसाद १
आधी काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबून धरा आणि काचेतूनच बघा. लाली गेली तर रक्त वाहिन्यांतच आहे, त्या फक्त फुगल्यात. घामोळं, पित्ताच्या गांधी आणि विषाणूमुळे येणारं बरंचसं पुरळ यात मोडतं. लाली तशीच राहिली तर रक्त केशवाहिन्यांतून त्वचेत झिरपलंय. तुमचं वर्णन मला या दुसऱ्या प्रकारातलं वाटतं. त्वचा सावळी असेल तर तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीची आतली बाजूही बघा.

प्रश्नकर्ता
दाबून पाहिलं, रंग अजिबात फिका पडत नाही.

प्रतिसाद २
मग आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करून घ्या. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 1.5 ते 4.5 लाख असतात, त्या फार खाली गेल्या की असे ठिपके उठतात. आकडा कमी आला तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखालीही तपासायला सांगा, कारण रक्ताच्या नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर मशीन त्या कमी मोजतं. आकडा नीट असेल, पण ठिपके पुढे हाताला उंच लागू लागले, तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते. अशा वेळी लघवीची तपासणी टाळू नका. मूत्रपिंडाला झळ बसली तर लघवीत रक्त आणि प्रथिनं सापडतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी औषधं) चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

प्रतिसाद ३
पित्ताची शंका असेल तर एका गांधीभोवती पेनाने रेघ ओढा. पित्ताची गांध 24 तासांच्या आत त्या जागेवरून जाते, नवी दुसरीकडे उठते. त्याच जागी टिकली आणि जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर ते साधं पित्त नव्हे.

घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब मात्र कृपा करून लावू नका. नायटा असेल तर लाली दोन दिवस दबते, बुरशी पसरत राहते आणि कडेची गोल रेघ पुसट झाल्याने डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

प्रतिसाद २
एक राहिलं. दाबूनही फिक्या न पडणाऱ्या ठिपक्यांसोबत ताप, मान आखडणं किंवा गुंगी आली, किंवा हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नका. थेट इमर्जन्सीत जा.