लॅब कॉलेजची म्हणून पेटंट कॉलेजचं होत नाही

निफाडच्या काकांनी वर लिहिलंय की मुलानं फायनल इयरला कांद्याच्या चाळीसाठी सेन्सर बनवला आणि कॉलेज म्हणतंय लॅब आमची म्हणजे पेटंटही आमचं, आणि खाली दोघातिघांनी बरोबरच आहे म्हणून टाकलंय. अहो नाही, बरोबर नाहीये! १९७० च्या पेटंट कायद्यात अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, नाहीतर त्यानं ज्याला तो लिहून दिलाय त्याचा. विद्यार्थी काही कॉलेजचा नोकर नाही. पण ॲडमिशनला किंवा प्रोजेक्टच्या वेळी कसल्या आयपी पॉलिसीवर, म्हणजे संशोधनाचा हक्क कुणाचा हे ठरवणाऱ्या कॉलेजच्या नियमांवर, सही घेतली असेल तर गोष्ट वेगळी, तो कागद आधी शोधा काका. आणि कॉलेजनं अर्ज केला तरी संशोधक म्हणून पोराचं नाव लागलंच पाहिजे, एकट्या गाईड सरांचं चालवून घेऊ नका.

खरी घाई वेगळीच आहे. पुढच्या महिन्यात पोरगा कॉलेजच्या प्रदर्शनात सगळं उघडून दाखवणार म्हणताय ना, बांबूच्या पट्ट्यांखाली सेन्सर कुठं बसतो, खालच्या थरातला सडका कांदा वास सुटायच्या आधी कसा कळतो, हे अर्जाआधी चारचौघांत आलं की पेटंटला लागणारं नावीन्य गेलं. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना वगैरे आहे, कॉलेजच्या स्टॉलला नाही. प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, ऑनलाइन वैयक्तिक फी १६०० रुपये, पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे संशोधनाचं सविस्तर वर्णन द्यायला, मग १२ महिने मिळतात.

वर एका मॅडमनी विचारलंय की त्यांनी लिहिलेल्या नोट्स कुणाच्या, त्याचं मात्र उलटं आहे, तिथे पेटंट नाही, कॉपीराइट लागतो, नोकरीचा भाग म्हणून लिहिल्या असतील आणि वेगळा करार नसेल तर पहिली मालक संस्थाच.