मदत हवी आहे: कलम ६५ चं ऑडिट, १८० दिवस आणि व्याज

जीएसटी खात्याचं ऑडिट, वर्ष २०२२-२३. एडीटी-०१ (ऑडिटची नोटीस) नंतर कागदपत्रं दिली, आता नियम १०१(४) खाली तफावतींचं पत्र आलंय. उत्तर एडीटी-०२ (ऑडिटचे अंतिम निष्कर्ष) निघायच्या आतच जायला हवं, म्हणून घाई.

मुख्य मुद्दा नियम ३७: पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह रिव्हर्स, म्हणजे परत, करावं लागतं. उदाहरणादाखल एक बिल: १० नोव्हेंबर २०२२, ४,७२,००० रुपये, त्यात कर ७२,०००. १८० दिवस ९ मे २०२३ ला संपले, पैसे ऑगस्टमध्ये गेले. क्रेडिट रिव्हर्स केलंच नाही. पैसे दिल्यावर ते परत मिळतंच, त्यामुळे वाद फक्त मधल्या काळाच्या व्याजाचा. अधिकारी सरसकट १८% मागतायत. पण त्या सगळ्या काळात क्रेडिट लेजरची (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिट खात्याची) शिल्लक कधीच ७२,००० च्या खाली गेलेली नाही. कलम ५०(३) (चुकीने घेऊन वापरलेल्या क्रेडिटवरचं व्याज) आणि नियम ८८ब(३) (शिल्लक त्या रकमेच्या खाली गेली तरच क्रेडिट वापरलं असं धरणारा) लावले तर क्रेडिट 'वापरलं' असं होतच नाही. अधिकाऱ्यांचं म्हणणं, घेताना क्रेडिट योग्यच होतं, म्हणून ५०(३) लागू नाही.

हा मुद्दा कोणी लेखी उत्तरात मांडलाय का? मान्य झाला का? लेजरची शिल्लक रोजची जोडली की महिनाअखेरची? (रोजचीच जोडावी असं वाटतं, महिन्याच्या मध्ये शिल्लक खाली गेली तर महिनाअखेरीला दिसत नाही.)

दुसरं, १०% रिटेन्शन (करारानुसार हमी म्हणून मागे ठेवलेली रक्कम) राखलेल्या बिलांवर पूर्ण क्रेडिट नाकारलंय. रिव्हर्सल न दिलेल्या रकमेच्या प्रमाणातच हवं ना? इथे बँक उताऱ्यासोबत करारातलं रिटेन्शनचं कलम जोडणं पुरतं का, की पुरवठादाराचा खातेउतारा मागतात?

मूळ दोष अंतर्गत नियंत्रणाचा: टॅलीत देणी बिलाच्या तारखेने न लावता नोंदीच्या तारखेने लावली होती. १५० दिवसांवर इशारा देणारा रिपोर्ट कोणी बसवला असेल तर मांडणी सांगा.