क्नोबल्सला कुणी गेलंय का? पाळण्यांच्या आठवणी लिहा

मिरजेची_मावशी
काल कपाट आवरताना आईच्या जुन्या पर्समध्ये क्नोबल्स नावाच्या पाळण्यांच्या पार्कची चार तिकिटं सापडली आणि आवरणं तिथेच राहिलं. आई 2014 ला आमच्याकडे आली होती. मोठमोठ्या पार्कांत न्यायचं म्हटलं की तिचं एकच, "मी नुसती बाकावर बसणार, माझे कशाला एवढे डॉलर घालवता?" मग कुणीतरी हे सुचवलं. पेन्सिल्वेनियात एलिसबर्गजवळ, दाट झाडीत, ओढ्याकाठी. आत जायला पैसे नाहीत, पार्किंगलाही नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचंच तिकीट. आई दिवसभर फुकट बाकावर बसली आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, त्या घोड्यांवर बसते. नऊवारीत! लाकडी घोडा, 1913 चं मेरी-गो-राउंड. बाहेरच्या रांगेत बसलं की जाता जाता हात लांब करून कड्या ओढायच्या, पितळी कडी हाती आली तर पुढची फेरी फुकट. आईला लोखंडीच मिळाल्या. उतरल्यावर म्हणाली, "ही तर आपली जत्रा, फक्त धूळ नाही."
4 जुलै 1926 ला क्नोबल घराण्याने सुरू केलं, आजही त्यांच्याकडेच आहे. तुमचं कुठलं आहे असं? तिकिटं अजून चालतात का हो?

चहाबाज
चालतात. आमची दोन वर्षं जुनी होती, काही न बोलता घेतली. आणि ते "नोबल्स" म्हणणारे खूप भेटतात, क म्हणायचाच आहे तिथे.

एडिसनचा_अण्णा
तिथल्या फिनिक्स रोलरकोस्टरमध्ये रात्री बसा. सुरुवातीलाच काळोखा बोगदा, बाहेर आलात की सरळ चढ. मी डोळे मिटले होते त्यामुळे बाकीचं बायकोला विचारा.
त्याची गोष्ट भारी आहे. 1947 चा पाळणा, सॅन अँटोनियोत रॉकेट नावाने होता. तिथलं पार्क 1980 ला बंद पडलं. क्नोबल्सवाल्यांनी तो लाकडी सांगाडा उकलून, फळ्यांवर नंबर घालून टेक्सासहून आणला आणि 1985 ला परत उभा केला. म्हणून नाव फिनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. मूळची लाकूड कापायची गिरणी चालवणारी माणसं ती, दुसऱ्याला भंगार दिसलं ते यांना लाकूड दिसलं.

सुगरण_नाही
अण्णा आमच्या आजोबांनी कोकणातलं घर पाडल्यावर वासे असेच खडूने नंबर घालून ठेवले होते. अजून माळ्यावर आहेत 😂

रात्रपाळी
फ्लाइंग टर्न्स विसरलात. लाकडी पन्हाळीतून सुटी गाडी घरंगळते, खाली रूळच नाहीत. 2006 ला बांधायला घेतलं, 2013 ला सुरू झालं.

चहाबाज
म्हणजे मुंबई-गोवा हायवेच्या आधी.

रात्रपाळी
😂😂 तिथे निदान खड्डे मुद्दाम नव्हते

कृष्णाकाठ
मी गेलेलो नाही, पण वाचलंय की 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळात ओढ्याचं पाणी सगळ्या पार्कात शिरलं होतं आणि घरच्यांनी, कामगारांनी चिखल उपसून काही दिवसांतच दारं उघडली. आमच्याकडे 2019 ला सांगलीत कंबरभर पाणी होतं. चिखल काढणं म्हणजे काय ते ज्याने काढला त्यालाच माहीत. आईचा शिसवी पाट अजून वास मारतो.

मिरजेची_मावशी
कृष्णाकाठ, अगदी. आमच्या मामांकडे फ्रिज तरंगत होता. तुम्ही गावभागातले का?

कृष्णाकाठ
हो. मामा कुठल्या गल्लीत? व्यनि (खासगी निरोप) करतो.

घाईत_आहे
कुकर लावलाय, थोडक्यात. नवऱ्याने येताना गाडी सेंट्रालियाकडे वळवली, जवळच आहे. 1962 पासून जमिनीखाली कोळसा जळतोय, गाव ओसाड. मुलं विचारत होती पाळणा कुठाय. म्हटलं बाबांना विचारा. क्नोबल्सच्या आत कोळसा खाणींचं छोटं संग्रहालय आहे ते बघितलं असतं तर भागलं असतं, पण नाही.

पेठेतला
विषय अमेरिकेचा असला तरी लिहितो. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, 1956 ची. घराण्याची नाही, महापालिकेची, तरी आम्हाला घरचीच वाटायची. आजोबा आत न येता कुंपणाबाहेरून प्रत्येक फेरीला हात हलवायचे. त्यांचं तिकीट वाचायचं त्यात आमची भेळ व्हायची. मावशींच्या आईचं वाचून आठवलं.

सुगरण_नाही
पेठेतला 🥹

बोरिवलीकर
गोराईची बोट आठवते का कुणाला? एस्सेल वर्ल्डला जायचं म्हणजे निम्मी मजा बोटीतच. 1989 चं ते. आता बंद. आमच्या सहलीत एक मुलगा बोट लागून पार्कात दिवसभर झोपला होता. मीच तो.

एडिसनचा_अण्णा
बोरिवलीकर, डोळे मिटणाऱ्यांच्या क्लबात या.

घाईत_आहे
क्नोबल्सचे पिरोगी खाल्ले का कुणी? आत बटाटा, वरून लोणी न् परतलेला कांदा. सासूबाई म्हणाल्या कडबू बिघडलंय. पण दोन प्लेटी संपवल्या.

मिरजेची_मावशी
आईनेही खाल्ले! तिने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली वर. तिकिटं त्याच कप्प्यात होती, म्हणून लाल तेलाचे डाग आहेत. चालतील ना तरी?

चहाबाज
वास घेऊन देतील एक फेरी जास्तच. कुकर बघा हो कुणीतरी त्यांचा.

घाईत_आहे
चार शिट्ट्या झाल्या 🙈