दोन महायुद्धांमधले हुकूमशहा : अकरावी-बारावीच्या मुलांना कुठून सुरुवात करून सांगावं?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीनंतर कॉलेजच्या मुलांसाठी इतिहासाच्या तीन बैठका ठरल्या आहेत, प्रत्येकी दीड तास. १९१९ ते १९३९ या काळात युरोपात एकामागून एक हुकूमशहा कसे आले, हा विषय माझ्याकडे आलाय. पाठ्यपुस्तकात व्हर्सायचा तह, महागाई, मंदी, हिटलर अशा चार उड्यांत हा भाग संपतो. मुलांशी आधी बोलून बघितलं. निम्म्यांना वाटतं हिटलर बहुमताने निवडून आला, निम्म्यांना वाटतं त्याने बंदुकीच्या जोरावर सत्ता बळकावली. यातलं काहीच खरं नाही, हे त्यांना पटेल अशी मांडणी हवी आहे. जर्मनीपासून सुरू करू की इटलीपासून? रशिया यातच घ्यावा का? आणि मुलांच्या हातात नेमकं काय द्यावं?

जुनी शाई
ताई, इटलीपासूनच सुरू करा. जर्मनीपासून सुरुवात केली की सगळी चर्चा हिटलर या एका माणसाभोवती फिरत राहते आणि त्याला खुर्चीपर्यंत नेणारे बाजूला राहतात. मुलांना दाखवायचे आहेत ते हेच लोक.

पहिली अख्खी बैठक ऑक्टोबर १९२२ च्या शेवटच्या आठवड्यावर घालवा. मुसोलिनीच्या पक्षाकडे ५३५ पैकी जेमतेम ३५ जागा होत्या. त्याही १९२१ मध्ये जोलित्तीसारख्या मुरलेल्या उदारमतवादी नेत्याने त्यांना आपल्या आघाडीत घेतलं म्हणून मिळालेल्या. त्याच्या पक्षाचे काळे शर्टवाले रोमच्या दिशेने निघाले तेव्हा पाऊस होता, हत्यारं धड नव्हती. पंतप्रधान लुइजी फाक्ताने २८ तारखेच्या पहाटे लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. सकाळी राजा तिसरा व्हित्तोरिओ इमान्युएल सही करायला नाही म्हणाला. सैन्य तयार होतं, अडलं ते सहीपाशी. मुसोलिनी तेव्हा मिलानमध्ये होता. तिथून रात्रीच्या गाडीने निघून ३० ला सकाळी तो रोमला उतरला, थेट पंतप्रधान व्हायला. काळ्या शर्टवाल्यांची रोममधली ती प्रसिद्ध मिरवणूक त्यानंतर निघाली.

राजाने सही का केली नसेल, यावर मुलांना बोलू द्या. त्याआधी १९२० च्या सप्टेंबरमध्ये कामगारांनी उत्तरेतले कारखाने ताब्यात घेतले होते, हे सांगा. पो नदीच्या खोऱ्यातले जमीनदार शेतमजुरांच्या संघटना मोडायला फॅसिस्ट टोळ्यांना पैसा पुरवत होते आणि पोलीस काणाडोळा करत होते, हेही सांगा. रशियासारखी क्रांती होईल या धास्तीपुढे मुसोलिनी अनेकांना परवडणारा वाटला.

एक मात्र विसरू नका. १९२२ ला इटलीत सर्वंकष सत्ता आली नव्हती, संसद चालू होती. १९२३ मध्ये आचेर्बो कायदा झाला : ज्याला सर्वांत जास्त मतं, आणि ती किमान २५ टक्के, त्याला दोन-तृतीयांश जागा. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत झालेली मारहाण समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्तीने ३० मे १९२४ ला संसदेत उभं राहून मांडली. १० जूनला त्याला रोममध्ये दिवसाउजेडी गाडीत कोंबून पळवलं. ऑगस्टमध्ये प्रेत सापडलं. देश हादरला, मुसोलिनी खरोखर डळमळला. विरोधी खासदारांनी संसदेवर बहिष्कार टाकला आणि राजा काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसले. राजा हलला नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत छाती काढून सांगितलं की झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी. हे सहा-सात महिने या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांना घाई करू नका.

स्प्रेकाठ
बर्लिनमध्ये राहते, म्हणून जर्मनीबद्दल लिहिते. नाझी पक्षाच्या मतांचे चार आकडे फळ्यावर लिहा. मे १९२८ : २.६ टक्के. सप्टेंबर १९३० : १८.३. जुलै १९३२ : ३७.३. नोव्हेंबर १९३२ : ३३.१. मग विचारा, हिटलर यातल्या कुठल्या निवडणुकीनंतर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला? बहुतेक जण तिसरी म्हणतील. तो झाला चौथीनंतर, मतं घसरलेली असताना, ३० जानेवारी १९३३ ला. मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज नाझी दोनच. आपण याला हवं तसं वळवू, असा माजी चॅन्सेलर फॉन पापेनचा हिशेब होता आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने नेमणूक केली.

मंदी आणि साठ लाख बेकार हे सांगाच, पण संसद आधीच कशी पोखरली होती तेही सांगा. मार्च १९३० मध्ये चॅन्सेलर म्युलरचं आघाडी सरकार बेकारी विम्याच्या वर्गणीवरून पडलं. त्यानंतर राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार सुरू झाला. १९३० साली संसदेने ९८ कायदे केले होते, १९३२ साली फक्त ५.

शेवट २३ मार्च १९३३ वर करा. संसदेची इमारत जळलेली, म्हणून बैठक क्रोल ऑपेरा हाउसमध्ये. आत-बाहेर एसए आणि एसएस या नाझी पक्षाच्या दलांचे गणवेशातले लोक. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत. राज्यघटना गुंडाळून ठेवणाऱ्या कायद्याच्या बाजूने ४४४, विरोधात ९४, आणि ते सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांचा नेता ऑटो वेल्स त्या सभागृहात उभा राहून म्हणाला, आमचं स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही घेऊ शकता, आमची इभ्रत नाही. राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इतिवृत्तं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली आहेत. मतदानाचं पान छापून भिंतीवर लावा. भाषा कळली नाही तरी नावांची यादी मुलांना दिसेल.

मांडवीतीर
मी गोव्याचा, म्हणून पोर्तुगालच्या सालाझारसाठी आग्रह धरतो. आपल्याकडच्या मुलांना हा हुकूमशहा सर्वांत जवळचा, आणि त्याचंच नाव कुणी घेत नाही. मिरवणुका नाहीत, आरडाओरडा नाही. कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. २८ मे १९२६ ला ब्रागा शहरातून सुरू झालेल्या उठावाने लष्कराने सत्ता घेतली, पण तिजोरी सांभाळता येईना. १९२८ मध्ये त्याला अर्थमंत्री केलं, तेव्हा प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपलाच अंतिम शब्द राहील, ही अट त्याने आधी मान्य करून घेतली. १९३२ ला पंतप्रधान, १९३३ ला नवी राज्यघटना, मग सेन्सॉर आणि गुप्त पोलीस. १९३० चा वसाहत कायदाही त्याचाच.

हे सगळं गोव्यात येऊन पोचलं. लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा सेन्सॉरची मंजुरी लागायची, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. १९४६ मध्ये गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने ८ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. मुलांना हे नक्की सांगा.

आडवाट
रशिया घ्या, पण वेगळ्या वाटेने. स्टालिनला कुणा राजाने नेमलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये तो पक्षाचा सरचिटणीस झाला. नेमणुका, बदल्या, बैठकांचे विषय, अशी इतरांना कंटाळवाणी वाटणारी कामं त्याच्या हातात आली आणि दशक संपेपर्यंत पक्ष त्याचा झाला. १९३२-३३ चा युक्रेनमधला दुष्काळ आणि १९३७-३८ मध्ये स्टालिनने घडवलेली कत्तल यांना वेळ द्यावाच लागेल.

माझी खरी शिफारस तिसऱ्या बैठकीसाठी आहे : जिथे हे रोखलं गेलं ते देश घ्या. फिनलंडमध्ये १९३२ च्या फेब्रुवारीअखेर लापुआ या कट्टर कम्युनिस्टविरोधी उजव्या चळवळीचे सशस्त्र लोक मेंत्सेले गावात जमले. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफवुद कट्टर उजवा, वर्षभरापूर्वी याच चळवळीच्या पाठिंब्याने निवडून आलेला. त्याने रेडिओवरून त्यांना घरी जायला सांगितलं, लोक पांगले, पुढाऱ्यांना अटक झाली. कम्युनिस्टांविरुद्ध याच चळवळीने मागून घेतलेल्या कायद्याखाली तिच्यावर बंदी आली.

बेल्जियममध्ये एप्रिल १९३७ ला ब्रसेल्सच्या पोटनिवडणुकीत रेक्सिस्ट या फॅसिस्ट वळणाच्या पक्षाचा पुढारी देग्रेल याच्याविरुद्ध कॅथलिक, लिबरल, समाजवादी आणि कम्युनिस्ट असे सगळे एका उमेदवारामागे उभे राहिले. देग्रेलला १९ टक्के मतं मिळाली.

पिंपळपान
मनापासून आभार. पहिल्या रविवारी रोम, दुसऱ्या रविवारी बर्लिन, तिसऱ्यात सालाझार आणि स्टालिन थोडक्यात, मग फिनलंड-बेल्जियम. तुमचं वाचून फाक्ता आणि स्विनहुफवुद शेजारी शेजारी ठेवावेत असं सुचलं. नकाशा कुठल्या सालचा लावू?

जुनी शाई
एक कोरा नकाशा लावा, १९१९ च्या सीमांचा. मुलांना साल सांगत जा आणि त्यांच्याकडून रंगवून घ्या : हंगेरी १९२०, इटली १९२२, स्पेन १९२३, पोलंड, पोर्तुगाल आणि लिथुआनिया १९२६, युगोस्लाव्हिया १९२९, जर्मनी आणि ऑस्ट्रिया १९३३, एस्टोनिया आणि लाटव्हिया १९३४, ग्रीस १९३६, रुमानिया १९३८. यातले सगळेच सर्वंकष नव्हते. लष्करशहा, राजे आणि पक्ष यांना वेगवेगळे रंग द्या. चेकोस्लोव्हाकिया म्युनिक करारापर्यंत कोरा ठेवा, त्यावर मुलं आपोआप प्रश्न विचारतील.