मदत हवी आहे: दात लवकर सरकण्यासाठी हिरडीत ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन?

नमस्कार, आम्ही सांगलीचे. मुलगी १९ वर्षांची. वरच्या दोन छोट्या दाढा काढून तारा लावल्या, त्याला १४ महिने झाले. सुळे मागे यायला हवेत, पण एका बाजूची फट अजून निम्मीच मिटलीय. तारीख एकही चुकवली नाही, रबरं रोज लावते. रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासलं, व्यवस्थित आहे. त्यामुळे गोळ्या-पावडर कृपया सुचवू नका.

आमचे डॉक्टर म्हणाले, कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं शरीरात काम करणारं रूप) दाताशेजारी टोचलं तर हाड झिजवणाऱ्या पेशी वाढतात, दात लवकर सरकतो. मी वाचलं त्यात १९८८ चा प्रयोग मांजरांवरचा होता, म्हणून धीर होत नाही. पोरीच्या दातांची मुळं आधीच आखूड आहेत.

सांगली-मिरजेत कुणी हे प्रत्यक्ष घेतलंय का? किती वेळा टोचलं, आणि नंतरच्या एक्स-रेत मुळं झिजलेली दिसली का?