तैपेईतला राजवाड्याचा खजिना बीजिंगला परत जावा का?

कागदी_होडी:
तैवानची राजधानी तैपेईतलं नॅशनल पॅलेस म्युझियम मुळात बीजिंगच्या राजवाड्यातलं, १९२५ साली सुरू झालेलं. जपानी सैन्य जवळ आलं म्हणून १९३३ मध्ये निवडक वस्तू पेट्यांत भरून दक्षिणेला हलवल्या. १९४८-४९ मध्ये कम्युनिस्टांशी यादवी युद्ध हरत आलेल्या राष्ट्रवादी सरकारने त्यातल्या २,९७२ पेट्या तैवानला नेल्या. जपानची भीती केव्हाच सरली. आता संग्रह मूळ घरी जावा.

तिरकस:
तेव्हा चीनचं सरकार तेच होतं, मग गैर काय केलं? पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डनी, म्हणजे त्याच्या तरुण समर्थकांनी, जुनं दिसेल ते फोडलं. तैपेईत होतं म्हणून वाचलं.

कागदी_होडी:
हे पालुपद नेहमीचंच! तेव्हाचा पंतप्रधान झोउ एनलाय याने बीजिंगच्या राजवाड्याचे दरवाजे बंद करायला लावले होते. बीजिंगचा संग्रह आजही शाबूत आहे, अठरा लाखांहून जास्त वस्तू. तैपेईत सुमारे सात लाख.

रुपेरी_वाळू:
आकडे राहू द्या, चौदाव्या शतकातला चिनी चित्रकार ह्वांग कुंगवांगचं फुचुन पर्वतांचं चित्र घ्या. १६५० मध्ये त्याचा मालक मरायला टेकला आणि सोबत न्यायचं म्हणून त्याने ती गुंडाळी आगीत टाकायला लावली. पुतण्याने ओढून काढली, पण दोन तुकडे झाले. अर्ध्या मीटरचा चीनमधल्या हांगचौला, सहा मीटरहून लांब तैपेईत. २०११ मध्ये दोन्ही शेजारी मांडले, तेही तैपेईतच. तिथला तुकडा चीनला जात नाही, कारण परत येईल याची कायदेशीर हमी नाही. जपानने तसा कायदा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये तैपेईतला जेड या रत्नदगडात कोरलेला कोबी टोकियोला गेला. बीजिंगने आधी एवढं करावं, मग मागावं.

तिरकस:
+१. तो कोबी एकोणीस सेंटिमीटरही नाही! पांढरा देठ, हिरवी पानं, वर टोळ आणि नाकतोडा, सगळं एकाच दगडात. दगडातले तडेसुद्धा कारागिराने पानांच्या शिरांत जिरवलेत.

खवचट_आजोबा:
मूळ घरीच पाठवायचं तर अठराव्या शतकातल्या चीनच्या छियेनलुंग बादशहाची मुघल घडणीची जेडची भांडीही दिल्लीला धाडा की! तैपेईतच आहेत. काहींवर त्याने स्वतःच्या कविता कोरून घेतल्यात, हौस बघा.

कागदी_होडी:
आजोबा, ती नजराण्यात नाहीतर व्यापारात आली, युद्ध हरताना जहाजात भरून नव्हे. रुपेरी_वाळू, हमीचा कायदा हवा हे मान्य. पण त्याने वस्तू उसन्या जातील, मालकी कुणाची हा वाद तसाच राहतो.